दोन तासांत परत येईल

शाळेच्या गणवेशांची मापं घेता घेता तिचं नावच मापबाई पडलं होतं. पोरगं दुकानाच्या पायऱ्या चढून आत येईपर्यंत ती त्याच्या खांद्याचा आकडा सांगून मोकळी व्हायची, आणि नंतर टेप लावून फरक निघालाच तर अर्ध्या बोटाचा. वय त्रेपन्न, अंगाने काटक, बोलायला फटकळ. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत तिने दुकान एक दिवसही बंद ठेवलं नव्हतं. म्हणूनच लेक आणि जावई यांनी संगनमत करून, तिला न विचारता, तीन दिवसांची सहल ठरवून टाकली.

"कुठे नेताय ते तरी सांगाल?"

"डोंगरात," लेक म्हणाली. "थंड हवा, सगळीकडे हिरवंगार. तू फक्त बसून राहायचंस. मशीन नाही, टेप नाही, कात्री नाही."

"नुसतं बसायला एवढं लांब कशाला जायचं? बसायला घरातली खुर्ची काय वाईट आहे?" असं म्हणाली खरी, पण बॅग भरली.

सहा तासांचा प्रवास. जावई गाडी चालवत होता, लेक त्याच्या शेजारी, आणि मापबाई मागच्या सीटवर डुलक्या घेत होती. घाट चढताना तिचे कान दडपले, तरी डोळे उघडले नाहीत. ते उघडले वासाने. ओल्या पानांचा, थोडा आंबूस, थोडा भाजका वास. तो नाकात शिरला आणि ती ताडकन सरळ बसली. काचेबाहेर पत्र्याच्या छपराचा एक लांबलचक कारखाना होता. वरच्या मजल्याला खिडक्याच खिडक्या, पानं वाळत घालायची ती माडी. त्या खिडक्या किती आहेत ते तिला मोजायची गरज नव्हती.

"इथे?" तिने विचारलं.

"हो!" लेक मागे वळून हसली. "चहाचा मळा. जुन्या साहेबांच्या बंगल्यात राहायचं. कसं वाटलं?"

काय सांगणार? याच कारखान्याच्या खालच्या अंगाला, मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत, सगळे जिला नुसतं 'लाइन' म्हणत तिथे, ती जन्मली होती. आई पान खुडायची, बाप कारखान्यात भट्टीवर होता. अकराव्या वर्षी बाप तिचं बखोट धरून तिला शहरात घेऊन आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "त्या जागेचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही." तिने काढलं नाही. नवऱ्याला म्हणाली, डोंगरातलं एक गाव होतं, आता तिथे आमचं कोणी नाही. लेकीलाही तेवढंच ठाऊक.

आता सांगावं का, असं एकदा मनात आलं. पण लेकीचा चेहरा कसा उजळला होता. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, तोंडाला कुलूप लावू, असं तिने ठरवलं. तोंडाला कुलूप लावणं हे तिच्या स्वभावात कधीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

लहानपणी ती या बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांपर्यंतच आली होती. आता पुढचं दार उघडलं. तिथली मॅनेजरबाई तिशीची, इस्त्रीच्या जाकिटात, हसतमुख. जाकीट डाव्या खांद्याला बोटभर सैल होतं. तिने सगळ्यांच्या हातात चहाचे पेले दिले आणि बंगला दाखवायला घेतला. दिवाणखान्याच्या भिंतीवर जुने फोटो होते. साहेब आणि त्यांचे कुत्रे एका फोटोत, खाली साहेबांची नावं, कुत्र्यांचीही नावं. शेजारी पाठीवर टोपल्या बांधलेल्या बायकांचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'खुडणीवाल्या हसतमुख बायका'.

"यांची नावं?" मापबाईने विचारलं.

"ती काही नोंदवलेली नाहीत हो," मॅनेजरबाई म्हणाली. "पण किती गोड हसतायत ना?"

मापबाईला त्यातली एकही बाई हसताना दिसली नाही. उन्हाकडे तोंड करून उभं केलं की कोणाचेही डोळे बारीक होतात आणि दात दिसतात.

दुपारी 'खुडणीचा अनुभव' होता. पाहुण्यांच्या पाठीवर छोट्या रंगवलेल्या टोपल्या बांधल्या, डोक्याला रंगीत फडकी गुंडाळली आणि सगळ्यांना उतारावर नेलं. बरोबर एक नवं लग्न झालेलं जोडपं होतं, आणि एक दातांचे डॉक्टर, त्यांची बायको. सगळे एकेक पान तोडून फोटो काढत होते. मापबाई झुडपासमोर उभी राहिली आणि तिची बोटं आपोआप चालायला लागली. दोन पानं, एक कळी. दोन पानं, एक कळी. दोन्ही हातांनी, बघायचीही गरज नाही. मूठ भरली की खांद्यावरून मागे. पाच मिनिटांत टोपली अर्धी झाली.

"आई, हे कुठे शिकलीस?" लेक थक्क झाली.

"शिवणकामाची बोटं आहेत," ती म्हणाली, आणि डोक्याचं फडकं काढून झुडपावर टाकलं.

संध्याकाळी सातला जेवण. लांब टेबल, पांढरी चादर, सूप, पाव, भाजलेलं कोंबडं, बटाटे. वाढायला एक साठी ओलांडलेला उंच माणूस होता, पांढऱ्या कोटात. कोटाच्या बाह्या त्याला मनगटाच्या वर आखूड पडत होत्या. त्याने तिच्यासमोर सूप ठेवलं, आणि तिने ते मनगट पाहिलं, मग वर पाहिलं. लंब्या. लाइनीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचा. तेव्हा वीस-एक वर्षांचा असेल. त्याने तिला ओळखलं नाही. कसं ओळखणार? अकरा वर्षांच्या पोरीची ती आता आजी शोभेल अशी झाली होती.

आणि टेबलाच्या टोकाला मोठे साहेब.

साहेब पूर्वी या मळ्याचे मॅनेजर होते. आता अठ्ठ्याहत्तरीचे. बायको गेलेली, मुलगा परदेशात. मालकांनी बंगल्याचं अतिथीगृह केलं तेव्हा मागच्या बाजूची एक खोली त्यांना देऊन टाकली. बदल्यात त्यांनी रोज जेवताना पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगायच्या. पाहुण्यांना फार आवडायच्या म्हणे. गळ्याभोवती मफलर, आवाज अजून खणखणीत. मापबाईने त्यांना पाहिलं आणि तिच्या हातातला चमचा सूपमध्येच राहिला.

एक बिबट्याची गोष्ट झाली, एक भुताची झाली. मग मॅनेजरबाई म्हणाली, "साहेब, ती जीपची सांगा ना. उद्या सकाळी हे सगळे त्याच जीपने कड्यावर जाणार आहेत."

"हां, ती जीप," साहेब खुर्चीत रेलले. "बेचाळीस वर्षं झाली. पावसाळा. रात्रीची वेळ, असा पाऊस की हात पुढे केला तर दिसणार नाही. आमच्या कारखान्यातला एक भट्टीवाला धावत आला. गुणी माणूस, एक हात कोपरापर्यंत भाजलेला. बायको सातव्या महिन्यात अडली होती. दवाखाना बावीस किलोमीटर खाली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, या पावसात मी घाट उतरणार नाही. मी म्हटलं, किल्ली दे इकडे. स्वतः गाडी काढली. एका वळणावर तर मागचं एक चाक दरीवर. पण पोचवलं! बाई वाचली, पोरगी झाली. आणि ऐका, त्या लोकांनी पोरीला नाव काय ठेवलं? माझ्या बायकोचं!"

नव्या नवरीने दोन्ही हात छातीशी नेले. डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. जावयानेही वाजवल्या.

मापबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागे ढकलली गेली ती इतक्या जोरात, की आडवीच झाली.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

साहेबांनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात?"

"खोटं! पाऊस नव्हता. रात्र नव्हती. सकाळचे दहा वाजले होते. माझा बाप या बंगल्याच्या दारात आला तेव्हा जीप इथेच उभी होती आणि तिच्यात तुमच्या सहलीच्या टोपल्या भरत होते. हेड ऑफिसचे पाहुणे आले होते, त्यांना कडा दाखवायचा होता. तुम्ही माझ्या बापाला म्हणालात, दोन तासांत परत येईल, मग घेऊन जा."

"आई," लेक पुटपुटली.

"थांब तू. बाप परत आला. आईच्या अंगाखालची चादर लाल झाली होती. कारखान्यातली खुर्ची दोन बांबूंना बांधली आणि चौघांनी खांद्यावर घेतली. मी मागून चालत होते. नवव्या किलोमीटरला माझी आई मेली. ती आणि पोटातलं बाळ, दोघं. आणि तुम्ही मला बहीण दिलीत? वर तिचं नाव पण ठेवलंत?"

साहेबांचा आवाज ठाम होता. "बाई, तुमची काहीतरी गल्लत होते आहे. जीप गेली होती. मला पक्कं आठवतं."

मापबाई गर्रकन वळली. लंब्या भिंतीपाशी उभा होता, हातात बटाट्यांचं भांडं.

"हा होता त्या चौघांत. विचारा याला! सांग रे. सांग ना!"

लंब्याने तिच्याकडे पाहिलं. आता त्याने तिला ओळखलं होतं. त्याच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. मग त्याने मॅनेजरबाईकडे पाहिलं, आणि भांड्यात पाहिलं.

"फार जुनी गोष्ट आहे," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही."

खोलीत आल्यावर पहिली ठिणगी पडली ती भलतीकडेच. लेक दार लावून उभी राहिली. "तीस वर्षांची झाले मी. तुझी आई कशी गेली ते मला परक्या लोकांच्या टेबलावर कळावं?"

"कुठे सांगणार होते? शाळेच्या डब्याबरोबर बांधून द्यायचं होतं का?"

"मी तुला कितीदा विचारलं. आजीचा फोटो का नाही, विचारलं. तू म्हणायचीस, ताप आला होता."

"माझ्या बापाने मला गप्प राहायला शिकवलं. मी शिकले. बस?"

जावई दोघींच्या मधे पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता आणि तो कोणाला द्यावा ते त्याला कळत नव्हतं. भला माणूस. म्हणाला, "आई, मी आत्ता सामान भरतो. उजाडलं की निघू. ते आता म्हातारे झालेत, त्यांना काय सांगायचं..."

"म्हातारा झाला म्हणून खोटं खरं होतं का हो?" मापबाई त्याच्यावर उखडली. "आणि टाळ्या वाजवायला बरे हात वर आले तुमचे!"

तो बिचारा ग्लासातलं पाणी स्वतःच प्यायला.

सकाळी लंब्या चहाचा ट्रे घेऊन आला. लेक-जावई शेजारच्या खोलीत होते, ही एकटीच खिडकीपाशी बसली होती. त्याने ट्रे ठेवला, पण गेला नाही.

"भट्टीवाल्याची पोर तू," तो म्हणाला. "चालता चालता आईच्या चपला हातात धरल्या होत्यास."

"अरे वा! उजाडल्यावर आठवलं?"

"माझी सून इथे स्वयंपाकघरात आहे. मी राहतो ती खोली यांची. लाइनीतल्या खोल्या पाडून पाहुण्यांसाठी कॉटेजं बांधायचं चाललंय. कोणाला काढायचं, याच्या यादीसाठी यांना निमित्तच हवं आहे."

"म्हणून तू रोज तिथे उभा राहतोस? रोज ती गोष्ट ऐकतोस आणि बटाटे वाढतोस?"

"सात वर्षं," लंब्या म्हणाला. "आधी पाऊस नव्हता त्यात. पाऊस तीन वर्षांपूर्वी आला. चाक दरीवर गेलं ते मागच्या वर्षी."

तिला हसू यायला हवं होतं, पण आली ती तिडीक. "तुझा खांदा सोलून निघाला होता रे. माझ्या बापाने त्याला तेल लावलं होतं. आणि तू मला काल सगळ्यांसमोर खोटी पाडलीस. जा तू. चहा पण घेऊन जा."

तो चहा ठेवूनच गेला.

नऊ वाजता मॅनेजरबाई आली. चेहऱ्यावर तेच हसू, फक्त आज ते मापात बसत नव्हतं. झाल्या प्रकाराबद्दल तिला फार वाईट वाटत होतं. पलीकडच्या डोंगरावर त्यांचंच दुसरं अतिथीगृह आहे, तळ्याकाठी, तिथे उत्तम खोली मोकळी आहे, गाडी तयार ठेवली आहे.

"का? इथलं बुकिंग तीन दिवसांचं नाही का?"

"आहे, पण तुम्हाला त्रास..."

"मला कसला त्रास? मी इथेच जन्मले. मला या जागेतून एकदा बखोट धरून नेलंय. आता मी माझ्या पायांनी आले आहे आणि तीन दिवस पुरे राहणार आहे. रात्रीच्या जेवणाला आमची तीन पानं मांडा."

जावयाने उघडलेली बॅग पुन्हा कपाटात ठेवली.

त्या संध्याकाळी साहेबांची खुर्ची रिकामी होती. बरं वाटत नाही म्हणे. टेबलावर कोणी कोणाकडे बघेना. शेवटी दातांच्या डॉक्टरांची बायकोच धीर करून म्हणाली, "कालचं... तुमच्या आईंचं... तुम्हाला चालत असेल तर सांगाल?"

मापबाईने सांगितलं. न रडता, न ओरडता, कापड बेतावं तसं. कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं, बांबूला कुठली दोरी बांधली. जीप शेवटी आली ती दुपारी चारला. हे लोक आईला घेऊन घाट चढून परत येत होते, तेव्हा वरून खाली आली. तिच्यातून आईला लाइनीत आणलं. सांगून झाल्यावर तिने पाव तोडला आणि खाल्ला. लेक तिच्याकडे बघत होती, कालच्यासारखी नव्हे. लंब्या वाढत होता. त्याने कोणाच्याच ताटाकडे मान वर करून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने लेकीला म्हटलं, "चल माझ्याबरोबर." आणि बंगल्याला वळसा घालून साहेबांच्या मागच्या व्हरांड्यात गेली.

साहेब ब्लँकेट पांघरून आरामखुर्चीत बसले होते. मागे उघड्या दारातून दिसणाऱ्या खोलीत एक लोखंडी पलंग, औषधांच्या बाटल्या आणि भिंतीवर बायकोचा फोटो, एवढंच होतं. तिला पाहून ते उठायला गेले आणि उठता आलं नाही.

"बसा," ती म्हणाली, आणि स्वतः उभीच राहिली. "मला फक्त विचारायचंय. जीप कधी पाठवलीत?"

"पाठवली होती."

"कधी?"

"परत आल्यावर. आल्या आल्या पाठवली. मी स्वतः बसलो होतो ड्रायव्हरशेजारी. तुम्ही लोक वाटेत भेटलात. तुझ्या आईला मी हातांनी उचलून मागे ठेवलं. ते खरं आहे. ते तरी खरं आहे की नाही?"

"आहे," मापबाई म्हणाली. "मेल्यावर उचललंत. दोन तासांत येणार होती ना जीप? चार कसे वाजले?"

साहेबांनी ब्लँकेटची कड बोटांत धरली. "धुकं होतं."

"वाटेत?"

"कड्यावर. काहीच दिसत नव्हतं. पाहुणे म्हणाले, आलोच आहोत तर थोडं थांबू. धुकं हटेल. म्हणून थांबलो."

"हटलं?"

"नाही."

लेकीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मापबाईला वाटलं, आपल्या हातात आता काही असतं तर आपण ते या माणसावर फेकलं असतं. हातात काही नव्हतं. बेचाळीस वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या कड्यावर असं काहीतरी जबरदस्त दिसलं असेल, की त्यापायी तिची आई विसरली गेली. ती कधी तो कडा बघायला गेली नव्हती. आणि तिथे या माणसांनी पाच तास पांढऱ्या धुक्याकडे बघत सँडविचं खाल्ली.

"त्या पाहुण्यांची नावं काय होती?"

साहेबांनी आठवून पाहिलं. खरंच पाहिलं. "नाही आठवत."

"बघा."

"ती कदाचित तशीही वाचली नसती," साहेब हळूच म्हणाले. "दवाखान्यातला डॉक्टर मला नंतर म्हणाला होता."

"आणि कदाचित वाचली असती!" तिचा आवाज व्हरांड्यातून खाली मळ्यापर्यंत गेला. पान खुडणाऱ्या दोघी-तिघींनी मान वर केली. "ते 'कदाचित' माझं आहे. ते माझ्याकडून घ्यायचं नाही. आज जेवायला या, आणि काय झालं ते सगळ्यांना सांगा."

"मला दुसरीकडे कुठे जागा नाही," साहेब म्हणाले. "गोष्टींवरच ठेवलंय मला इथे."

"माझ्या आईच्या गोष्टीवर नाही," ती म्हणाली आणि निघाली.

संध्याकाळी साहेब आले. मफलर, कोट, काठी. जुने पाहुणे गेले होते, नवे आले होते. चार मित्रांचा एक गट होता, दिवसभर फिरून दमलेला आणि खुशीत. त्यांतला एकजण म्हणाला, "साहेब, त्या जीपची काहीतरी झकास गोष्ट आहे म्हणे? वेबसाइटवर वाचलं आम्ही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलक्लॉथकडे. "ती गोष्ट मी आता सांगत नाही," ते म्हणाले.

बस, एवढंच. मॅनेजरबाईने सुटकेचा श्वास टाकला आणि कोंबडं पुढे सरकवलं. मित्रांचा गट दुसऱ्या विषयाकडे वळला. मापबाईच्या लक्षात आलं की यांना एवढंच हवं होतं. गप्प. सगळ्यांनी छानपैकी गप्प बसायचं. बापानेही तेच केलं, आपणही तेच केलं.

"मग मी सांगते," ती उभी राहिली.

"बाई, प्लीज," मॅनेजरबाई म्हणाली. "हे पाहुणे आरामासाठी आले आहेत. आणि खरं सांगायचं तर याला काही पुरावा..."

बटाट्यांचं भांडं टेबलावर आदळलं. लंब्याने ते मुद्दाम आदळलं, की त्याच्या हातून निसटलं, ते सांगणं कठीण.

"चौघांत मी एक होतो," तो म्हणाला. "डावीकडचा मागचा. ही सांगते ते सगळं खरं आहे. मी परवा खोटं बोललो." मग त्याने भांडं पुन्हा उचललं आणि सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाला विचारलं, "बटाटे?"

मापबाईने गोष्ट सांगितली. साहेब शेवटपर्यंत बसून राहिले, उठून गेले नाहीत. धुक्याचा भाग आला तेव्हा मान हलवून 'हो' म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही. तिने मागायला लावलीही नाही. मागितली असती तर तिला ती द्यावी लागली असती, आणि तिच्याकडे ती नव्हती.

पुढे काय झालं ते तिला लंब्याच्या सुनेच्या फोनवरून कळत राहिलं. साहेबांना त्यांचा पुतण्या दोन महिन्यांत घेऊन गेला. वेबसाइटवरून गोष्ट काढली, जीप मात्र रोज कड्यावर जाते. लंब्याला काढायचं ठरलं होतं. पण बंगल्यातल्या जुन्या पाण्याच्या नळ्या भिंतीत कुठून कुठे जातात ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं निघालं. लाइनीच्या खोल्यांचं भांडण अजून चालू आहे. मापबाई त्यांच्यासाठी अर्ज लिहून देते, लेक ते टाइप करते, आणि त्यातले कडक शब्द लेकीने सौम्य केले तर दोघींची जुंपते.

निघायच्या दिवशी घाट उतरताना तिने जावयाला सांगितलं, "नववा किलोमीटर आला की गाडी थांबवा."

तिथे काहीच नव्हतं. एक वळण, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कठडा, दरीच्या बाजूला गवत. थांबायला जागाही नव्हती. जावयाने दिवे लुकलुकत ठेवले आणि गाडी कडेला दाबून उभी केली. मायलेकी उतरल्या.

"इथे?" लेकीने विचारलं.

"इथे. खुर्ची या बाजूला टेकवली होती. ती म्हणाली, जरा थांबा, मला उतरवा. आम्हाला वाटलं, बसून बसून अवघडली असेल." मापबाईने कठड्यावर हात ठेवला. लोखंड तापलं होतं. "मग म्हणाली, माझ्या चपला कुठे आहेत?"

लेकीने तिचा दंड धरला. एवढ्यात मागून कर्कश हॉर्न वाजला. एक मोठी चकचकीत गाडी येऊन थांबली होती, आणि काच खाली करून एक चष्मेवाला ओरडत होता, "ओ बाई! रस्त्यात काय उभ्या राहिलात? इथे काय बघायला आहे?"

मापबाई वळली. तिने पदर खोचला आणि त्या गाडीपाशी चालत गेली. मग त्या चष्मेवाल्याने जे ऐकलं, तसं त्याने आयुष्यात कधी ऐकलं नसेल. त्याच्या हॉर्नबद्दल, त्याच्या घाईबद्दल, त्याच्या गाडीबद्दल, ज्यांना दोन मिनिटं थांबवत नाही आणि ज्यांना नको तिथे पाच तास थांबवतं त्या सगळ्या जातीबद्दल. त्याने काच वर करायला घेतली, तर ती काचेवर हात ठेवून बोलत राहिली. त्याच्या मागे आणखी तीन गाड्या येऊन थांबल्या. हॉर्न कोणीच वाजवला नाही.

बोलून झाल्यावर ती परत आली. तिला धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता.

"आई," लेक म्हणाली, "पाणी देऊ?"

"दे," मापबाई म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, आता जा. आम्ही अजून थोडा वेळ इथे थांबणार आहोत."